नवरदेव धक्क्यावर का राहिला

नॉर्वेतल्या एका बाईने मला विचारलं, "खरं कारण काय होतं?" आणि माझ्या हातातला पाव चहात पडला. नुसता पडला नाही, बुडाला, आणि तळाशी जाऊन फुगत बसला. चमच्याने काढायला हवा होता. पण मी लॅपटॉपच्या पडद्यावरची ती एक ओळ बघत राहिलो, आणि पडवीच्या खाली खाडीत भरतीचं पाणी धक्क्याच्या पायऱ्या एकेक करून गिळत राहिलं. बाईचं नाव सोल्वेग. मी तिला पाहिलेलं नाही, तिचा आवाजही ऐकलेला नाही. तिला इतकंच ठाऊक, की भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर दिघी नावाचं गाव आहे, तिथे गुणाजी नावाचा एक म्हातारा राहतो, आणि त्याने प्रोग्रॅमिंगच्या एका भाषेत नवी फंक्शन्स घालावीत असा प्रस्ताव मांडला आहे. यातलं शेवटचं वाक्य आमच्या गावात कुणालाही सांगा, पोट धरून हसेल. मी आजवर या धक्क्यावर खाडी पोहून गेलेला आणि पलीकडे जाऊन तिकीट मागणारा रेडा सांगितला आहे. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटेने माझी टोपी नेली आणि तीच टोपी पुढल्या वर्षी किहीमला एका चिंबोरीच्या डोक्यावर पाहिली, असंही सांगितलं आहे. लोकांनी माना हलवून ऐकलं. पण कुठकुठल्या देशांतली माणसं माझ्या प्रस्तावावर मत द्यायला बसली आहेत, ही एक खरी गोष्ट सांगितली, तेव्हा धक्क्यावर दोर टाकणारा दादू म्हणाला, "काका, जरा तरी पटंल असं सांगत जा ना." खारघरला असलेली माझी मुलगी प्रज्ञा फोनवर म्हणाली, "पप्पा, औषधं वेळेवर घेताय ना?"

हा प्रस्ताव काय, ते आधी सांगून टाकतो, अवघड नाही. तुम्ही एखाद्या संकेतस्थळावर जाता तेव्हा ते म्हणतं, मी अमुक. तुम्ही म्हणता, कशावरून? मग ते आपलं सर्टिफिकेट पुढे करतं. त्यावर वरच्या कुणाची तरी सही असते, शाईची नव्हे, गणिताची, जी दुसऱ्याला करता येत नाही. पण तो वरचा तरी कोण? त्याच्या सर्टिफिकेटवर त्याच्या वरच्याची सही. अशी साखळी चढत चढत तुम्ही मुळाशी पोचता, हे झाडच उलटं आहे, आणि त्या मुळाशी जो बसलेला असतो त्याच्या सर्टिफिकेटवर सही असते त्याची त्याचीच. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पडवीत एकटाच मोठ्याने हसलो होतो. बँका, दवाखाने, विमानं, सगळ्यांचा व्यवहार अखेर 'मी म्हणजे मीच, कारण मी सांगतो म्हणून' असं म्हणणाऱ्या कुणावर तरी टेकलेला! म्हणजे माझ्याच पंथातला माणूस.

ती भाषा कुणाच्या मालकीची नाही. जगभरची माणसं फावल्या वेळात तिची डागडुजी करतात, आणि कुणीही यावं, हवं तेवढं भरून न्यावं. पाणवठाच म्हणा. आम्ही महाडच्या बाजूची बौद्ध माणसं, पाणवठ्याची उपमा आमच्या तोंडी उगाच येत नाही, पण ते पुढे. टेलिफोन खात्यात तारा जोडण्यात माझा जन्म गेला. तारा गेल्या, टॉवर आले, मी निवृत्त झालो आणि बोटांना काम राहिलं नाही, म्हणून मी ही भाषा शिकलो. हरिहरेश्वरला घरगुती राहण्याची सोय करणाऱ्या चार-पाच घरांसाठी एक लहानसं संकेतस्थळ केलं. ते एका सकाळी बंद पडलं. सर्टिफिकेट तपासणारं जे फंक्शन भाषेत होतं त्याला मी विचारलं, तर ते म्हणालं, नाही. का नाही? नाही. साखळीत कुठे बिनसलं? नाही. तार तुटली तर 'तुटली' एवढ्यावर माझं कधी भागलं नव्हतं. कुठल्या खांबाशी तुटली, माकडाने तोडली की फांदीने, हे पाहायला डोंगर चढावा लागायचा. इथे डोंगरच दिसत नव्हता. पुष्कळ दिवस डोकं आपटल्यावर कळलं की माझ्या जुन्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागे पडलं होतं, त्याच्या हिशेबाने ते सर्टिफिकेट अजून जन्माला यायचं होतं. मग मी तीन फंक्शन्स लिहिली. पहिलं साखळीच्या कड्या मांडून दाखवतं, दुसरं एकेक जोड तपासतं, आणि तिसरं, माझं लाडकं, सांगतं की नकार का आला. मुदत संपली, की मुदत सुरूच झाली नाही, की वरचा ओळखीचा नाही. नाही म्हणायचं तर म्हण बापड्या, पण कारण सांग.

नवीन काही घालायचं तर आधी मेलवर सगळ्यांपुढे प्रस्ताव मांडावा लागतो, गरज काय ते पटवावं लागतं, मग मतदान. पहिल्या दोघांना कुणाचा विरोध नव्हता. तिसऱ्यावर वेगळं मतदान, आणि तीनांत दोन मतं 'हो' पडायला हवीत. प्रस्ताव लिहायला बसलो तेव्हा घड्याळाची हकीकत लिहिली, वाचून पाहिली, आणि मला स्वतःलाच जांभई आली. म्हाताऱ्याच्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागे पडलं, ही काय गोष्ट झाली? मग बोटं आपोआप दुसरीकडे वळली. मी लिहिलं: आमच्या किनाऱ्यावर एक खाडी आहे. खाडी ओलांडायला बोट आहे. एके दिवशी एक लग्नाचं वऱ्हाड धक्क्यावर आलं. तिकिटाच्या यंत्राने वरच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासलं, वरची एक कडी मुदतीबाहेर गेली होती, आणि यंत्र म्हणालं, नाही. का, ते यंत्राला सांगता येईना. यंत्रापाशी बसलेल्या माणसालाही सांगता येईना. बाजा थांबला. भरती उतरायला लागली. पांढऱ्या कपड्यांतला नवरदेव उन्हात उभा राहिला, आणि अखेर एका बांगड्याच्या होडीत बसून पलीकडे गेला. नवरीला तो दिसायच्या आधी त्याचा वास आला. हे जर कारण सांगणारं फंक्शन असतं, तर.

नवरदेव लोकांनी डोक्यावर घेतला. ब्राझीलच्या एकाने चित्र काढून पाठवलं: फेटा बांधलेला नवरा, खिशातून बांगड्याची शेपटी बाहेर. प्रस्तावाला एक लांबलचक नाव होतं ते कुणी घेईना, सगळे 'नवरदेवाचा प्रस्ताव' म्हणू लागले. विरोधात मुख्य म्हणजे एक जर्मन गृहस्थ होते, फार जुने, फार जाणते. त्यांनी दोनच वाक्यं लिहिली. "सुरक्षेच्या बाबतीत नकार पुरेसा असतो. कारण दिलं की वाद सुरू होतो." मी ती वाक्यं वाचली आणि माझ्या मानेवर आतल्या बाजूने काहीतरी थंड सरकलं. कशाने, ते तेव्हा कळलं नाही. म्हटलं पंखा असेल. पंखा बंद होता.

तीच गोष्ट मी हौसेने धक्क्यावरही सांगितली होती, गेल्या वर्षी घडलेली म्हणून. आठवडा गेला नसेल, दादू पर्यटकांच्या गाड्या जंगलजेट्टीवर, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीवर, चढवताना कुणाला तरी सांगत होता, "ह्या इथंच उभा व्हता नवरा. मीच त्या होडीला दोर टाकला." चहाच्या टपरीवरची नूतन म्हणाली, "तोंड एवढंसं झालेलं बिचाऱ्याचं. मीच कोकम सरबत दिलं." मला मोठी गंमत वाटली. माझ्या मागे माझी गोष्ट सही-शिक्क्यासकट उभी राहत होती, एकेक कडी पक्की, आणि मुळाशी मी, माझी माझीच सही. जो प्रस्ताव खरा होता त्यावर या दोघांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि जो नवरा नव्हता त्याला दोघांनी हाताने सरबत पाजलं होतं.

आणि आता ही सोल्वेग. तिने लिहिलं होतं की तिचं गावही असंच समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यावर आहे, तिचा बाप बोटीवर होता, ती स्वतः बोटींच्या तिकिटांची प्रणाली सांभाळते. "यंत्र बंद पडायचं तेव्हा माझे वडील माणसांना बोटीत घ्यायचे आणि यंत्राचं मागाहून बघायचे. सगळीकडे असंच करतात. यंत्रापायी कुणी नवऱ्या मुलाला धक्क्यावर ठेवत नाही. मला तुमचं तिसरं फंक्शन आवडलं आहे, म्हणून विचारते. खरं कारण काय होतं?" तिने अजून मत दिलेलं नव्हतं. तिचं मत पाहून मत देणारी पुष्कळ माणसं होती. मतदान दोन दिवसांत बंद होणार होतं, आणि तिसरं फंक्शन अगदी काठावर होतं.

पहिला विचार मनात आला तो माझ्या स्वभावाला धरून आला. मी धक्क्यावर गेलो. ऊन चांगलं वर आलं होतं, जंगलजेट्टी पलीकडे आगरदांड्याला लागलेली, इकडे गाड्यांची रांग. दादूला म्हटलं, "तो नवरदेव तू पाहिलास ना? एका बाईला सांगायचं आहे. परदेशातल्या."

"व्हिडिओ काढा," दादू म्हणाला, आणि लगेच केसांवरून हात फिरवला. "कुठून उभा राहू? रडून दाखवू का थोडा?"

"रडायचं कशाला?"

"नवऱ्याची दया आली म्हणून. नूतन, ए नूतन, सरबताचा गिलास घे हातात. काका पिक्चर काढतायत."

"शर्ट बदल आधी," नूतन म्हणाली. "फॉरेनची लोकं बघणार, आणि तू वंगणात बुडालेला. काका, इंग्लिशमध्ये बोलायचं काय?"

मी मोबाइल वर धरला. चौकटीत दादू, मागे पाणी, पाण्यावर उन्हाचे तुकडे. दादू म्हणाला, "त्या दिवशी काय झालं, म्हंजे, तो नवरा इथं उभा व्हता. अक्षी इथं." आणि त्याने पायाने जमिनीवर जागा दाखवली. मी त्या जागेकडे पाहिलं. सिमेंट होतं, त्यावर तेलाचा डाग होता. आणि मला एकदम वाटलं, तिथे नाही. तिथे नव्हता तो. तो तिकडे, पिंपळाच्या बाजूला, तेव्हा सिमेंट नव्हतं, दगड होते, आणि उजव्या पायाच्या नव्या बुटात वाळू गेली होती ती टोचत होती, आणि बूट काढून झटकावा तर सगळे बघतील. मी मोबाइल खाली घेतला. "बॅटरी गेली," म्हटलं. दादू म्हणाला, "एवढा तोंड धुवायच्या तयारीत व्हतो मी."

घरी येताना चढ नेहमीपेक्षा लांब झाला. नवरदेवाला मी पांढरे कपडे का घातले होते? आपल्याकडच्या गोष्टीतला नवरा शेरवानीत असतो, निदान ब्राझीलवाल्याला तरी मोत्यांच्या माळा आवडल्या असत्या. पांढरे कपडे आमच्यात. आमच्या लग्नाला पांढरं, बुद्धवंदना, त्रिशरण, पंचशील, आणि मुहूर्त नाही, तेव्हा उशीर झाला तरी बिघडत नाही, असं माझे वडील रामजी त्या दिवशी धक्क्यावर उभे राहून पुनःपुन्हा म्हणत होते. "आपल्यात मुहूर्त न्हाय. आपल्यात मुहूर्त न्हाय." कुणी विचारलेलं नसताना. आणीबाणी उठून थोडाच काळ झाला होता. मी नुकता खात्यात चिकटलेला, सरकारी नोकर, शर्टाच्या कॉलरला कडक खळ. मुलगी मुरुडच्या बाजूची, म्हणजे खाडी ओलांडायची. तेव्हा लाकडी लाँच होती, खाजगी. वऱ्हाड येऊन उभं राहिलं, खालूबाजा वाजतोय, माझ्या आत्या लुगड्यांचे काठ सावरतायत, आणि लाँचीवरचा माणूस दोर हातात गुंडाळत म्हणाला, "न्हाय." वडील म्हणाले, "आज न्हाय का?" तो म्हणाला, "न्हाय." चेहऱ्यावर राग नव्हता, लाज नव्हती. आमच्याकडे तो बघतही नव्हता, दोराकडे बघत होता. खालूबाजा एका सुरावर अडखळून थांबला. वडिलांनी 'का' विचारलं नाही. काकांनी विचारलं नाही. मी विचारलं नाही. आम्हाला सगळ्यांना कारण माहीत होतं आणि ते कुणाच्याच तोंडून बाहेर पडायला नको होतं, कारण त्याने उच्चारलं असतं तर आम्हाला काहीतरी करावं लागलं असतं, आणि आम्ही उच्चारलं असतं तर त्याने हसून म्हटलं असतं, मी कुठं तसं म्हटलं? नकार पुरेसा होता. थोड्या वेळाने लाँच धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला लागली, तिथून माणसं भरली, टोपल्या भरल्या, एक बकरी चढवली, आणि गेली. बकरी मागच्या बाजूला उभी होती आणि आमच्याकडे बघत लांब लांब गेली. काकांनी समुद्राकडे पाठ केली. माझ्या बुटात वाळू टोचत होती.

मग तो कोळी. बांगडा उतरवून परत निघालेला, होडी अर्धी रिकामी. त्याने आमच्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, लांब गेलेल्या लाँचीकडे पाहिलं. म्हणाला, "मासळीची होडी हाय. वास लागंल कपड्यांना. चालत असंल तर या." सबंध दिवसात कारण घालून बोललेलं ते एकच वाक्य. चालत असेल तर या, आणि चालणार नसेल तर का चालणार नाही, तेही त्याने आधीच सांगितलं होतं. मला आज इतक्या वर्षांनी पायऱ्या चढता चढता कळलं, की तिसरं फंक्शन मी त्याच्यापासून उचललं. आणि तिकिटाचं यंत्र? यंत्र मी त्या लाँचीवरच्या माणसाच्या जागी ठेवलं होतं. गोष्टीत माणूस ठेवायची माझी हिंमत झाली नव्हती. यंत्र बरं. यंत्राची लाज वाटत नाही.

पलीकडे पोचलो तेव्हा मांडवात माणसं ताटकळलेली. नवरीचे, म्हणजे भिमाचे, वडील पुढे आले, "उशीर झाला जावईबापू." शंभर डोळे माझ्याकडे. शर्टावर खवले चमकत होते, बांगड्याचा वास मांडवभर. आणि मी तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "अहो, पाकट!" दाराएवढा पाकट मासा, असं मी म्हणालो, लाँचीच्या पंख्यात अडकला. शेपटी अशी फिरवतो की लाँच जागच्या जागी भिंगरी. नाखवा ओरडतोय, आत्याबाई पाकटाला नमस्कार करतायत, अखेर मीच उडी मारली आणि त्याला म्हटलं, बाबा, माझं लग्न आहे, सोड. सासरे पहिले हसले, सगळ्यांत मोठ्याने. मग मांडव हसला. हसू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलं तसं माझ्या आतलं काहीतरी सैल पडलं, आणि मला समजलं की आपल्याला हे येतं. त्या दिवसापासून मी थांबलो नाही. रेडा, टोपी, चिंबोरी, सगळी त्या पाकटाची पिल्लं.

घरात भिमा स्वयंपाकघराच्या दाराशी बसून सोडे निवडत होती. सुक्या कोलंबीचा वास घरभर. मी उंबऱ्यावर टेकलो.

"अगं, आपल्या लग्नाला मला उशीर का झाला, आठवतं?"

"पाकट," ती म्हणाली. मान वर केली नाही.

"पाकट नव्हता."

"बरं."

"बरं काय? मी सांगतोय, पाकट खोटा होता. लाँचवाल्याने आम्हाला घेतलं नाही."

"अवो, लाँच तुमच्या आधीच पोचली ना," भिमा म्हणाली. एक सोडा तिने उजेडात धरून पाहिला आणि सुपात टाकला. "माझा भाऊ हार घेऊन धक्क्यावर उभा व्हता. लाँचीतून समदी उतरली, तुम्ही न्हाय. एक बकरी उतरली. त्यानं बकरीच्या मालकाला विचारलं. तो म्हणाला, हायती तिकडं, उभी हायती. भावाला काय कळायचं ते कळलं. घरी येऊन आमच्या बाबांच्या कानात सांगितलं."

सुपावर तिची बोटं तशीच चालली होती.

"मग बाबांनी मांडवात समद्यांना सांगितलं. नवरा मुलगा आता येईल. उशीर का झाला ते तो सांगंल. काय पण सांगू दे, हसायचं. कुणी का म्हणून विचारायचं न्हाय."

खाडीवरून जंगलजेट्टीचा भोंगा आला. मला सासऱ्यांचं हसू ऐकू आलं, पुन्हा, पण आता त्याला सुरुवात होती. आधी एक लहानशी वाट पाहणारी जागा होती, मी 'पाकट' म्हणालो त्याच्यानंतर, हसण्याच्या आधी. ती जागा मी कधी ऐकली नव्हती. शंभर माणसं, आधीच ठरवून आलेली, माझ्या तोंडाकडे बघत. मी समजत होतो की माझ्या मुळाशी माझीच सही आहे. तिथे तर अख्ख्या मांडवाची सही होती, मी बोलायच्या आधी केलेली.

"आणि तू? तू पण हसलीस?"

"मी कशाला हसू? हार घालताना तुमच्या शर्टाचा खवला माझ्या पांढऱ्या लुगड्याला चिकटला. मी तो बघत व्हते. रुपयासारखा."

"एवढ्या वर्षांत बोलली नाहीस."

"तुम्हाला किती गोड लागायचं सांगायला," ती म्हणाली. "दर खेपेला पाकट मोठा व्हायचा. मी म्हटलं, वाढू दे."

मी तिला सोल्वेगचं सांगितलं. कोण, कुठली, तिने काय विचारलं, मत कसं काठावर आहे, खरं सांगितलं तर लोक म्हणतील म्हातारा प्रस्तावात खोटं लिहितो, आणि तिसरं फंक्शन जाईल. भिमाने पहिल्यांदा मान वर केली.

"ती बाई खरी हाय का?"

"आहे गं."

"आणि तिनं का म्हणून विचारलं?"

"विचारलं."

"मग सांगा की. आपल्यात कुणी विचारलंच न्हाय कधी."

दुपारी मी पडवीत बसून लिहिलं. गोष्ट सांगायला मला कधी शब्द शोधावे लागले नाहीत, त्या दुपारी लागले. लिहिलं की तिकिटाचं यंत्र मी रचलं, असं यंत्र आमच्या खाडीवर बंद पडलेलं नाही. मला जी अडचण खरोखर आली ती माझ्या कॉम्प्युटरच्या घड्याळाची, आणि ती कंटाळवाणी आहे. नवरदेव रचलेला नाही. नवरदेव मी. आम्हाला बोटीत घेतलं नाही कारण आम्ही ज्या जातीतून बाहेर पडलो होतो ती लाँचवाल्याच्या लेखी आमच्या अंगाला चिकटलेलीच होती, कपडे कितीही पांढरे असोत. तो ते बोलला नाही आणि आम्ही विचारलं नाही. तुमच्या वडिलांनी आम्हाला घेतलं असतं असं वाटतं. प्रस्तावातून मी नवरदेव काढून टाकला आहे आणि घड्याळ घातलं आहे. आता घड्याळ बघून मत द्या. पाठवा या शब्दावर बोट ठेवून मी किती वेळ बसलो कुणास ठाऊक. बोट दाबलं तेव्हा खाडी पार रिकामी झाली होती, चिखलात होड्या कलंडून बसलेल्या.

तिसरं फंक्शन पडलं. काठावरून आत आलं नाही, बाहेर गेलं. एकाने दिलेलं 'हो' काढून घेतलं, ज्या प्रस्तावाची सुरुवात बनावट गोष्टीने होते त्यावर भरवसा कसा ठेवायचा, असं त्याने लिहिलं, आणि ते बरोबर होतं. सोल्वेगने 'हो' दिलं. पण तिने आणखी एक केलं. मतदान संपल्यावर तिने सगळ्यांना लिहिलं, की ज्यांनी 'नाही' म्हटलं त्यांनी प्रत्येकाने कारण लिहावं. नियमाने ते बांधील नव्हते. तरी लिहिलं. एकेकाचं येत राहिलं, दोन दिवस. त्या जर्मन गृहस्थांचं सर्वांत शेवटी आलं, आणि या वेळी ते दोन वाक्यांचं नव्हतं. त्यांचं म्हणणं, माझं फंक्शन पहिलं कारण सापडलं की थांबतं. साखळी एकाहून जास्त ठिकाणी तुटलेली असू शकते. एकच कारण सांगितलं की माणूस तेवढं दुरुस्त करतो आणि निश्चिंत होतो. हे मी पुष्कळदा वाचलं. आमची साखळी तरी एकाच ठिकाणी कुठे तुटली होती? दोर हातात गुंडाळणारा तो माणूस, आणि 'का' न विचारणारे आम्ही, आणि हसायचं ठरवून बसलेला तो मायाळू मांडव. गृहस्थांचं खरं होतं. मी त्यांना लिहिलं की पुन्हा लिहायला घेतो.

त्यानंतर धक्क्यावर गेलो तेव्हा दादू उतारूंच्या गाड्या काढून मोकळा झाला होता, पायाशी दोराचं वेटोळं.

"काय झालं काका, तुमच्या त्या जगाच्या ठरावाचं?"

"पडला."

दादूने तोंडातला तंबाखू बाजूला केला. "पडला? म्हंजे खराच व्हता का काय तो?" पास झाला असता तर आयुष्यभर पटला नसता, पडला म्हटल्यावर लगेच पटला. "आणि तो नवरा?"

"नवरा मी."

तो हसायला निघाला. मी त्या हसण्याच्या आधीच्या जागेकडे कान लावून बसलो होतो. म्हणून असेल, किंवा माझ्या तोंडावर काही असेल, तो मध्येच थांबला. मग मी त्याला सांगितलं. लाँच, दोर, बकरी, बांगड्याची होडी. पाकट घातला नाही. पिंपळाच्या बाजूला बोट दाखवून म्हटलं, तू दाखवलास तिथे नाही, तिथे उभा होतो. दादूने वळून ती जागा पाहिली. त्याच्या हातात दोराचं टोक होतं ते तो उलगडत राहिला.

"का म्हणून न्हाय घेतलं, तुम्ही विचारलं न्हाय?"

"नाही."

"मी विचारला असता." मग पुन्हा पिंपळाकडे बघत, "मी व्हतो की तिथं काका. मीच दोर टाकला त्या होडीला."

"दादू, तुझा तेव्हा जन्म झाला नव्हता."

"न्हाय तर न्हाय," दादू म्हणाला. आगरदांड्याकडून जंगलजेट्टी निघाली होती, तिच्याकडे बघत तो उठून उभा राहिला. "तरी पण तुमच्या त्या बाईला लिवा. दादू व्हता म्हणावं. नवरा एकटा नव्हता."

गणितात ही सही कुठे बसत नाही. मी ती घेतली.